मुठीतला ठोकळा

मोजणीच्या खोलीत शिरायचं तर दोन दारं उघडावी लागत. पहिलं मागे लागलं की कारखान्याचा खडखडाट बाहेर राही, दुसरं लागलं की उकाडा. आत बारा महिने वीस अंश. मधोमध काळ्या दगडाचा जाडजूड पाट, आरशासारखा गुळगुळीत. त्यावर कुणी कोपर टेकलं तरी शिकाऊ पोरांचे मास्तर ओरडत. आणि समोरच्या भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी : ‘आधी मुरू द्या, मग मोजा.’

मुरायचं ते लोखंडाने. बाहेरून आलेला कुठलाही ठोकळा त्या पाटावर दोन तास नुसता पडून राही. लोखंड उबेने फुगतं, अगदी हाताच्या उबेनेसुद्धा. फुगतं ते केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं, पण या खोलीतली सगळी भांडणं तेवढ्यावरूनच होत. दोन तासांनी लोखंड खोलीसारखं गार झालं की मग मायक्रोमीटर उचलायचा. हे त्या खोलीतल्या झाडूवाल्यालासुद्धा पाठ होतं.

आणि ते ज्या बाईला सगळ्यात जास्त पाठ होतं, तिनेच त्या बुधवारी ते मोडलं.

तिला सगळे मायक्रॉनताई म्हणत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि ताई तेवढ्यासाठीही समोरच्याचा जीव खाई, म्हणून नाव पडलं. उंचीने बुटकी, हेही एक कारण होतं, पण ते तिच्या पाठीमागे बोललं जाई. सतराव्या वर्षी ती याच कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून आली होती. कानस कशी धरतात तेही माहीत नव्हतं. मास्तरांनी हातावर फोड येईपर्यंत घासायला लावलं, फोड फुटेपर्यंत घासायला लावलं आणि वर म्हणाले, "आता कुठे हात बोलायला लागला." आता ती मोजणीची निरीक्षक होती, तिच्या सहीवर माल बाहेर जाई. आणि आठ महिन्यांपूर्वी ती आई झाली होती.

शिकाऊ पोरांची पहिल्या वर्षाची परीक्षा तेव्हा होती तीच आजही होती. प्रत्येकाला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा मिळे. मशीनला हात न लावता, नुसत्या कानशीने त्याचा चौकोनी ठोकळा करायचा. सहा बाजू, प्रत्येक पन्नास मिलिमीटर. वीस मायक्रॉनपर्यंत जास्त चालेल, कमी एकही चालणार नाही. जमलं तर मास्तर कोपऱ्यात आपला छोटा ठसा ठोकत. मग टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं घडवायच्या विभागात, पुढची तीन वर्षं आणि शेवटी पक्की नोकरी. नाही जमलं तर घासून दुरुस्त करायची एकच संधी, तीही त्याच संध्याकाळी. तीही हुकली की चहा पाजून घरी.

त्या वर्षीच्या दहा जणांत एकच मुलगी होती. शिंप्याची पोर, काटकुळी, बोलणं टोचरं. पोरांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव टाचणी ठेवलं आणि तिने ते लावूनही घेतलं. टाचणी इथे आली ती ताईमुळे. दोन वर्षांपूर्वी कारखान्याने ताईला एका शाळेत पाठवलं होतं, ‘दहावीनंतर काय’ यावर बोलायला. ताईला भाषण कुठलं येतंय! तिने पर्समधून आपला ठोकळा काढला आणि पहिल्या बाकावर ठेवला, म्हणाली, बघा आणि पुढे द्या. ठोकळा फिरत फिरत शेवटच्या बाकावर गेला आणि तिथेच अडकला.

"यावर मशीन अजिबात नाही फिरवलं?" मागून एका किडकिडीत मुलीने विचारलं.

"अजिबात नाही."

"किती दिवस लागले?"

"तेरा."

"मी बारा दिवसांत करीन."

सगळा वर्ग हसला. ताईही हसली आणि म्हणाली, "मग येच तू. मी स्वतः मोजीन तुझा."

त्या मुलीने ते मनावर घेतलं. घरी वडिलांशी भांडली, कॉलेजचा अर्ज भरला नाही आणि वर्षभराने कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. ताईला पाहून म्हणाली, "आले. आता मोजायचं विसरू नका."

* * *

बुधवारी पहिल्या मोजणीचा शेवटचा दिवस. नऊ ठोकळे सकाळपासून पाटावर मुरत पडलेले, नऊही मोजून झाले. ताईचे जोडीदार चष्मेवाले अर्ध्या दिवसाच्या रजेवर. साडेतीनला पाळणाघरातून फोन आला. तिथल्या मावशी म्हणाल्या, "अंग कोमट लागतंय हो बाळाचं. घाबरू नका, पण जमलं तर लवकर या."

घाबरू नका म्हटलं की आईचं काय होतं ते मावशींना माहीत नसेल असं नाही.

त्या आठवड्यात ताई दोनदा लवकर गेली होती. दुसऱ्या वेळी मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे बघत, हसत हसत म्हटलं होतं, "आई झालं म्हणून काटे वेगळे फिरत नाहीत ना?" तिसऱ्यांदा तेच ऐकायचं नव्हतं. चारला काम संपवून, ताठ मानेने, कुणाला न विचारता निघायचं होतं.

तीन चाळीसला दार उघडलं आणि टाचणी आत आली. दोन्ही मुठींत ठोकळा धरलेला, पाखराचं पिल्लू धरावं तसा.

"ताई, उशीर झाला. एक बाजू परत घासली."

"टाचणे, घड्याळ दिसतं का तुला?"

"दिसतं. पण त्याच्याकडे बघितलं की हात थरथरतो, म्हणून नाही बघत."

एरवी ताई हसली असती. तिने हात पुढे केला. ठोकळा तळहातावर आला. पाटावर दोन तास ठेवायचा म्हणजे पावणेसहा. उद्यावर टाकायचा तर मास्तरांना जाऊन सांगायला हवं होतं की मला आज जायचंय. मास्तर ‘हो’ म्हणाले असते. नक्की म्हणाले असते. पण ते विचारणंच ताईला नको होतं. तिने ठोकळा पुसला आणि मायक्रोमीटर लावला.

पन्नास, आणि वर पंचवीस मायक्रॉन.

"पाच जास्त आहेत," ती म्हणाली.

टाचणीचा चेहरा उतरला. "बेंचवर मोजला तेव्हा आत बसत होता."

"बेंचवरचं माप बेंचवर ठेव. इथलं माप ते माप."

"परत एकदा बघाल?"

ताईने परत बघितलं, मग तिसऱ्यांदा. आकडा तोच. "तीनदा झालं. लोखंड खोटं बोलत नाही बाई. जा, आज संध्याकाळी हळू हाताने काढ पाच. घाबरू नकोस."

टाचणीने ठोकळा परत मुठीत घेतला आणि गेली. ताईने वही उघडली. ‘मोजला’ या रकान्यात तीन पंचेचाळीस लिहिलं. शेजारी ‘आत’ हा रकाना, म्हणजे ठोकळा खोलीत कधी आला. तिथे तिच्या बोटांनी सरळ एक चाळीस लिहिलं. दोन तास मागे. बोटांना तसंच लिहायची सवय होती, असं तिने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण सवयीची बोटं वेळ लिहिताना थबकत नाहीत, आणि तिची थबकली होती.

* * *

बाळाला ताप नव्हताच. खालच्या हिरडीतून तांदळाएवढा दात डोकावत होता.

घरी येऊन तिने दूध कोमट केलं, बाटलीत भरलं आणि मनगटावर दोन थेंब पाडले. बाळ हात हलवत तिच्याकडे झेपावत होतं आणि ती मनगटाकडे बघत तशीच उभी राहिली.

"गरम आहे का फार?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. कोमट."

"मग दे की."

"कोमटच होता."

"कोण?"

तिने बाटली त्याच्या हातात दिली आणि पलंगावर बसली. तळहात उलटा करून पाहिला. तीन चाळीसला त्या तळहातावर जे ठेवलं गेलं ते कोमट होतं. कारखान्याच्या उकाड्यातून, पोरीच्या घामेजल्या दोन मुठींतून आलेलं. हाताला ते तेव्हाच कळलं होतं. पन्नास मिलिमीटर लोखंड, बारा-तेरा अंशांचा फरक. हा हिशेब तर ती पोरांना तोंडी विचारत असे. सात-आठ मायक्रॉन.

आणि पोरीचे जास्त होते पाच.

फोन उशीशीच पडला होता. सव्वापाच वाजले होते. टाचणी त्या क्षणी व्हाइसच्या पकडीपुढे उभी राहून, बरोबर असलेला ठोकळा घासत होती. एक फोन मास्तरांना. ‘तिला थांबवा’, एवढंच. ताईने फोन उचलला आणि परत ठेवला. तिने विचार केला, ठोकळा खरा सतरा मायक्रॉन वर आहे. पोरीने पाच काढले तरी बारा उरतील. दहा काढले तरी सात. बसेलच की. मग कशाला उगाच वहीपर्यंत गोष्ट न्यायची?

तेवढ्यात बाळाने दूध संपवून तिच्या मांडीवर उडी घेतली. बिनदाताचं, म्हणजे आता एकदाताचं हसू. तिने त्याला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

रात्रभर ती मनात वजाबाकी करत होती. प्रत्येक वेळी उत्तर ठीक येत होतं. ठीक येत होतं तर परत परत करावीशी का वाटत होती, एवढंच कळत नव्हतं.

सकाळी निघताना दाराला पाय अडला. दार आपटू नये म्हणून खाली तिचाच जुना ठोकळा लावलेला असे. मास्तरांच्या ठशाचा, तेरा दिवसांचा. एका बाजूला तांबूस डाग होता, कारण बाळ रांगत जाऊन तो चाटे. तिने तो उचलला, पुसला आणि पर्समध्ये टाकला.

* * *

टाचणीचा ठोकळा पाटावर होता. रात्रभर मुरलेला, बर्फासारखा गार. त्यावर लाल चिठ्ठी.

"चार कमी," चष्मेवाले चष्मा पुसत म्हणाले. "पोरगी घाबरली असणार. एक हात जास्तीचा बसला. वाईट वाटलं हो. पण कमी ते कमी, आता काय चिकटवणार?"

"आहे कुठे ती?"

"मास्तरांनी सांगितलं, तशी गेली. चहाही नाही घेतला."

ताई वर्कशॉपमध्ये गेली. दहावं व्हाइस मोकळं होतं. ॲप्रन घडी घालून ठेवलेला, शिंप्याच्या घरची घडी, कोपऱ्याला कोपरा. व्हाइसखाली लोखंडाचा चिमूटभर कीस झाडूची वाट बघत होता. त्या किसात एकवीसएक मायक्रॉन पोरीचं बरोबर असणं पडलं होतं. झाडूवाला आला, म्हणाला, "ताई, पाय." तिने पाय उचलले. कीस सुपडीत गेला.

आता जगात कुणीही ते सिद्ध करू शकत नव्हतं. वहीत वेळ बरोबर होती, आकडा बरोबर होता, सही होती. गप्प बसलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. उद्या दुपारी यादी लागेल, नऊ नावं, आणि सगळे म्हणतील, टाचणी फार बोलायची, हात मात्र कच्चा होता.

ती मोजणीच्या खोलीत परत आली, आपला ठोकळा पर्समधून काढून पाटावर ठेवला. वहीत लिहिलं : आत, आठ दहा. मग मास्तरांकडे गेली.

मास्तर आपल्या काचेच्या खोपट्यात कानशी निवडत बसले होते. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाळाचा फोन, मुठीतला ठोकळा, पाच मायक्रॉन, वही. संध्याकाळचा न केलेला फोनही सांगितला. सांगून झाल्यावर त्यांनी हातातली कानस बाजूला ठेवली.

"बाळ कसं आहे?"

"दात येतोय."

"बरं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "घाईत मोजलंस, ते मी समजू शकतो. माझ्याकडे यायला लाजलीस, तेही समजू शकतो, आमचंच काहीतरी चुकत असणार. पण एक चाळीस?"

ती टेबलावरच्या कानशींकडे बघत राहिली.

"बावीस वर्षं त्या वहीवर डोळे मिटून सही करतोय मी," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"पोरीचा खरंच बसत होता, हे कशावरून?" त्यांनी विचारलं. "तुला वाईट वाटतंय म्हणून तुला तसं वाटत असेल."

"माझा ठोकळा पाटावर ठेवलाय. दहा दहाला मुरेल."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग दहा वाजून दहा मिनिटांनी ते खोलीत आले. चष्मेवाल्यांनी मोजला, डाग नसलेल्या बाजूंनी : पन्नास, वर अकरा. मास्तरांनी ठोकळा दोन्ही मुठींत धरला, बाहेर पडले, वर्कशॉपभर पोरांचं काम बघत हिंडले. टाचणी बेंचवर आपला ठोकळा जेवढा वेळ हाताळत असेल तेवढा वेळ. मग आत आले आणि तो चष्मेवाल्यांच्या हातात दिला.

"एकोणीस," चष्मेवाले म्हणाले. "आठ वाढले."

मास्तरांनी वही उघडली, एक चाळीसवर बोट ठेवलं. "हे तू तुझ्या हाताने खोड आणि खरं लिही. खोडलेलं दिसू दे. मोठ्या साहेबांकडे मी येतो तुझ्याबरोबर, पण बोलायचं तू. नऊ पोरांचे ठोकळे चष्मेवाले परत मोजतील. आणि तुझा शिक्का इथे ठेव."

तिने निरीक्षकाचा शिक्का टेबलावर ठेवला.

"मला पटलं," मास्तर दाराशी थांबून म्हणाले. "पण पटवायचं मला नाहीये, पोरी."

* * *

शिंप्याचं दुकान म्हणजे एक खोली आणि फुटपाथवर ठेवलेलं मशीन. आत कापडाचे तागे, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं. टाचणी मागच्या बाजूला बसून काज करत होती. ताईला बघून तिने मान खाली घातली.

"या बाई," शिंपी गळ्यातला टेप काढत म्हणाला. "तुम्हीच ना त्या, शाळेत लोखंड घेऊन आलेल्या? बरं झालं आलात. मी हिला सांगत होतो, अगं, आमच्या धंद्यात अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर गिऱ्हाईक दोन घास जास्त खातं आणि बसवून घेतं. तुमच्याकडे म्हणे केसाचे दहा भाग करतात! असल्या ठिकाणी माणसाचं पोर कसं टिकायचं? कॉलेजचा अर्ज आणलाय मी. शनिवारपर्यंत मुदत आहे."

"तिचं माप बरोबर होतं," ताई म्हणाली.

मागे सुई थांबली.

"चूक माझी झाली. तुझा ठोकळा मुरू न देता मी मोजला. मला घाई होती, बाळाला ताप वाटला, आणि निघाला दात. वहीत खोटी वेळ लिहिली. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, तरी मी फोन केला नाही. तू घासत होतीस तेव्हा मला माहीत होतं." हे सगळं ती एका दमात बोलली, कारण मध्ये थांबली असती तर शेवटचं वाक्य गिळलं असतं.

टाचणी उठून पुढे आली. रडली असेल, पण डोळे आता कोरडे होते.

"मला माहीत होतं मुरवायचं असतं," ती म्हणाली. "पाटी वाचली होती मी. तुम्ही लगेच मोजायला घेतलात तेव्हा तोंडावर आलं होतं माझ्या. मग म्हटलं, ताई मोजतायत. त्यांना कळत नसेल होय?"

बापाने टेप बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"माझ्याकडून माप चुकलं," तो सावकाश म्हणाला, "तर मी माझ्या खर्चाने नवं कापड आणतो आणि नवं शिवून देतो. तुम्ही काय देणार, बाई?"

"नवा तुकडा मिळेल. मास्तरांनी वरून मंजुरी आणलीय. यादीत तिच्यापुढची जागा कोरी ठेवणार आहेत. पण दिवस आठच. आणि घासायचं तिलाच."

"वा! चूक तुमची आणि फोड माझ्या पोरीच्या हाताला!"

"हो," ताई म्हणाली. "असंच आहे ते."

शिंपी काहीतरी जोरात बोलणार होता. पण इतकं सरळ ‘हो’ त्याला अपेक्षित नसावं. तो नुसता मुलीकडे वळला. "काय गं? अर्ज भरू की नको?"

टाचणीने आपले तळवे पाहिले. "बाबा, पहिल्याला अकरा दिवस लागले होते," ती म्हणाली. "आठ म्हणजे वेडेपणा आहे."

"मग?"

"मग काय! शनिवारचा अर्ज राहू दे." आणि ताईकडे न बघता, "एकच आहे. या वेळी तुम्ही मोजू नका."

"नाही मोजणार. माझा शिक्का काढून घेतलाय."

टाचणीने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "किती दिवस?"

"तीन महिने. तोवर हत्यारांच्या खिडकीत."

"बरं," टाचणी म्हणाली, आणि आत जाऊन राहिलेलं काज पुरं करायला बसली.

* * *

हत्यारांची खिडकी म्हणजे जाळीचा कोनाडा. पोरं येऊन आपला पितळी बिल्ला ठेवत, हत्यार घेऊन जात, संध्याकाळी हत्यार देऊन बिल्ला परत नेत. मोजणीच्या खोलीतून तिथे येणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. एकाने फक्त विचारलं, "ताई, आता तुम्हाला कानसताई म्हणायचं का?" आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

टाचणी रोज सकाळी पहिली येई. बिल्ला ठेवी. ताई कानस देई. आदल्या संध्याकाळी तिने ती तारेच्या ब्रशने दात न दात साफ करून ठेवलेली असे. पहिले तीन दिवस त्या दोघींत एक अक्षर झालं नाही. चौथ्या दिवशी टाचणीने कानस उजेडात धरली, परत सरकवली. "ही बोथट आहे. दुसरी द्या." ताईने दुसरी दिली. सहाव्या दिवशी तिच्या अंगठ्याला पट्टी होती. ताईने खिडकीतून मलमाची डबी पुढे केली. टाचणीने कानस घेतली आणि डबी तिथेच ठेवून गेली. दुपारी ताईने पाहिलं तर डबी नव्हती. मग कळलं की ती झाडूवाल्याने नेली.

आठव्या दिवशी दीड वाजता टाचणी खिडकीसमोरून मोजणीच्या खोलीकडे गेली. ठोकळा फडक्यात गुंडाळून, फडक्याची टोकं चिमटीत धरून, हात लांब करून. चष्मेवाल्यांनी दार उघडलं. दाराच्या काचेतून ताईला दिसलं, टाचणीने ठोकळा पाटावर ठेवला, वही मागून घेतली, वेळ स्वतः लिहिली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय जुळवून बसली. ठोकळ्याकडे बघत.

दोन तास म्हणजे साडेतीन. मोजून, मास्तरांना बोलावून, चार. चारला ताईची सुट्टी. तिने मोठ्या साहेबांच्या दारावर टकटक केली आणि आपलं काही न लपवता म्हणाली, "आज मला थांबायचंय. नवरा बाळाला आणेल." मग नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "थांब गं तू. पण काय झालं ते कळव, मलाही आता झोप लागायची नाही."

त्या दोन तासांत तिने सगळ्या कानशी आकाराप्रमाणे लावल्या, मोडल्या आणि परत लावल्या. मोजणीच्या खोलीत काय चाललंय ते बघायला एकदाही गेली नाही. बघायचा हक्क होता असं तिला वाटलं नाही. तीन पन्नासला मास्तर हातोडी घेऊन आत गेले. हातोडी ठशासाठीही लागते आणि कुणाचं मन राखायला खिशात असावी म्हणूनही ते कधी कधी नेत, त्यामुळे तिच्यावरून काही कळेना. दोन दारं असली की आवाज बाहेर येत नाही.

चार वाजून गेले. भोंगा झाला. पोरं बिल्ले घेऊन पांगली. खिडकीत एकच पितळी बिल्ला उरला.

टाचणी आली. चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हतं. ती विद्या ती या आठ दिवसांत शिकली होती. तिने कानस सरकवली. ताईने बिल्ला पुढे केला. टाचणीने तो घेतला नाही.

"हात करा," ती म्हणाली.

ताईने जाळीतून तळहात बाहेर काढला. टाचणीने फडकं उलगडलं आणि ठोकळा त्यावर ठेवला. गार. हाडापर्यंत जाणारा, दोन तास मुरलेला गारवा. ताईचा अंगठा आपोआप कोपऱ्याकडे गेला आणि तिथे, चण्याच्या डाळीएवढा, मास्तरांचा ताजा ठसा लागला.

"गार आहे ना?" टाचणीने विचारलं.

"आहे," ताई म्हणाली.

"मग ठीक." टाचणीने ठोकळा उचलला, हातात तो जरा जास्तच वेळ राहिला असं वाटून की काय पटकन फडक्यात गुंडाळला आणि बिल्ला खिशात टाकला. चार पावलं गेली. मग मागे न वळता म्हणाली, "एकच दात आलाय की दुसराही आला?"